हीटरमधून गार हवा येते? डॅशबोर्ड उतरवण्याआधी बॉनेट उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ११ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. डिसेंबरात पहाटे ५ वाजता आईंना घेऊन साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला निघालात, हीटर लावला तर गार हवा. केळघरचा घाट चढताना जराशी कोमट झाली, दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरताना पुन्हा गारठा. एसी उत्तम चालतो. एका गॅरेजने ‘हीटरची कॉईल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल’ असं सांगून खर्चाचा आकडा दिला, तो ऐकून तुम्ही गाडी परत घरी आणलीत. बरं केलंत.

पण शेवटी जाता जाता दोन ओळी लिहिल्यात, मला त्याच महत्त्वाच्या वाटतात. एप्रिलमध्ये गाडी गरम होत होती, ती एका मिस्त्रीने दुरुस्त करून दिली. तेव्हापासून टेंपरेचरचा काटा पाव भागाच्या वर जात नाही, ‘गाडी एकदम कूल चालते’, फक्त ॲव्हरेज १७ चं १४ वर आलंय.

गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा पैज लावत नाही. पण साताऱ्यात २८ वर्षं हेच काम करतोय, त्या जोरावर सांगतो: तुमच्या इंजिनात थर्मोस्टॅट व्हॉल बहुतेक नाहीच. एप्रिलमध्ये तो काढून टाकलाय. नसेल काढला तर उघडा अडकून बसलाय, परिणाम तोच. कॉईल बिचारी ठीक असणार.

का म्हणतो ते समजून घ्या, म्हणजे उद्या कोणीही काहीही सांगितलं तरी तुम्हाला पडताळता येईल.

गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. दर थंडीत कोणीतरी ‘मिस्त्री, हीटरचा गॅस भरून द्या’ म्हणत येतोच. हीटरला गॅस लागत नाही. गॅस एसीचा, आणि एसी थंड करतो. तुमचा एसी चांगला चालतो यावरून हीटरबद्दल इतकंच कळतं की ब्लोअर फिरतोय. हीटर चालतो इंजिनच्या पाण्यावर. इंजिन तापलं की त्यातलं कुलंट गरम होतं, त्यातलं थोडं दोन रबरी पायपांतून फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा) ओलांडून डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं. त्यालाच आपण हीटरची कॉईल म्हणतो. ब्लोअरची हवा तिच्या जाळीतून जाते, गरम होते, तुमच्या पायावर येते. म्हणजे चुलीवर पाणी तापलं तरच आंघोळीला गरम पाणी. बंब थंड असेल तर नळ बदलून काय उपयोग?

आता थर्मोस्टॅट. इंजिन आणि मोठ्या रेडिएटरच्या मधे बसलेलं हे एक मेणाचं दार. आत खरोखरच मेण असतं. इंजिन थंड असताना दार बंद, पाणी इंजिनात आणि हीटरमध्येच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर आलं (गाडीप्रमाणे आकडा बदलतो, व्हॉलवरच कोरलेला असतो) की मेण वितळून फुगतं, दार उघडतं, जादा उष्णता रेडिएटरवाटे बाहेर जाते. पाणी निवलं की दार पुन्हा मिटतं.

हे दारच काढून टाकलं तर? इंजिन चालू झाल्या क्षणापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं. एप्रिलच्या उन्हात, दुपारी २ वाजता पोवई नाक्याच्या गर्दीत, हे चालून जातं. गरम होण्याची तक्रार झाकली जाते, गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश. डिसेंबरच्या पहाटे मेढ्याच्या रस्त्याला समोरून गार वारा रेडिएटरवर आदळतो तेव्हा इंजिन तापायला वावच मिळत नाही. चढावर इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, जास्त उष्णता तयार होते, म्हणून हीटर कोमट झाला. उतारावर तुम्ही गियरमध्ये पाय उचलून गाडी सोडलीत की आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल जवळजवळ बंदच करतात. उष्णता शून्य, वारा भरपूर, रेडिएटर उघडा. उतरताना गारठा वाजला तो असा. तुमच्या वर्णनातली ही चढ-उताराची गोष्टच मला पटली. कॉईल चोंदली असती तर चढावर आणि उतारावर इतका फरक पडला नसता.

पाणी कमी असलं तरी हीटर कधी कोमट कधी गार होतो, हे खरं. पण त्याची चाल वेगळी असते. तिथे रेस वाढवली की गरम, सिग्नलला उभं राहिलं की गार. पंप जोरात फिरला तर उरलंसुरलं पाणी कॉईलपर्यंत पोहोचतं. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिन चांगलं फिरत असतं, तेव्हा उलट गरम हवा यायला हवी होती. शिवाय पाणी कमी असेल तर काटा वर जातो, तुमचा तर उठतच नाही.

ॲव्हरेजचंही कोडं यातच सुटतं. इंजिन थंड आहे असं सेन्सरने सांगितलं की कंप्युटर पेट्रोल जादा सोडतो, जुन्या गाडीत चोक ओढून फिरल्यासारखं. दिवसभर. स्कॅनर लावला तर अशा गाडीत बऱ्याचदा पी ०१२८ हा कोड सापडतो. त्याचा अर्थच असा की पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. थंड इंजिनात जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्येही उतरतं. ऑईल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट साय जमलेली दिसली तर घाबरून, हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग) गेलं समजून इंजिन खोलायला देऊ नका. न तापणाऱ्या इंजिनात बाष्प सुकत नाही, म्हणूनही ती साय येते. आधी इंजिन नीट तापू द्या, मग बघा.

आता पडताळणी. यासाठी हत्यार लागत नाही, फक्त गाडी रात्रभर थंड पडलेली हवी.

बॉनेट उघडा. गाडी सुरू करण्याआधी कुलंटच्या बाटलीतली पातळी बघा, मिन आणि मॅक्सच्या मधे हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही आत्ताच, थंड असतानाच उघडा. पाणी काठोकाठ हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही होतं, झाकणाचं रबर गेलं की बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जात नाही. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, झाकण फिरवलं की उकळून तोंडावर येतं. आमच्या गॅरेजमधल्या एका पोराच्या हातावर अजून डाग आहे.

पातळी ठीक असेल तर गाडी सुरू करा. रेडिएटरला वरच्या बाजूने येणारा जाड पाईप हाताने धरून बघा, दर मिनिटाला. व्हॉल नीट असेल तर हा पाईप बराच वेळ गार राहतो, काटा मधोमध येईपर्यंत, आणि मग एकाएकी चटका बसण्याइतका गरम होतो. दार उघडल्याची ती खूण. पाईप पहिल्या मिनिटापासून इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला तर दार उघडं आहे किंवा दारच नाही. काही गाड्यांत व्हॉल खालच्या पाईपच्या तोंडाशी असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या पाईपवर. हात घालताना ओढणी, मफलर, सैल बाही सांभाळा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरही.

मग तो दोन पायपांचा हिशेब, ज्याच्याशिवाय मी कोणाचाही डॅशबोर्ड सोडत नाही. इंजिनच्या मागच्या बाजूला फायरवॉलमध्ये शिरणारे दोन बोटभर जाडीचे पाईप शोधा. इंजिन तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लोअर चालू करून, दोन्हीला हात लावा. तापलेल्या इंजिनवर उगाच घट्ट धरू नका, बोट टेकवलं तरी कळतं.

दोन्ही पाईप चटका देण्याइतके गरम आणि आत गार हवा, तर पाण्याचा दोष नाही, फ्लॅपचा आहे. गरम-गार बटण फिरवलं की डॅशबोर्डच्या आत एक झडप हलते, ती हवा कॉईलमधून पाठवते किंवा बाजूने. जुन्या गाड्यांत ती वायरने ओढली जाते, वायर क्लिपमधून निसटते. ग्लोव्ह बॉक्स काढून पाहिलं की दिसते, १० मिनिटांचं काम. नव्या गाड्यांत छोटी मोटर असते. तिचा प्लास्टिकचा दात तुटला की बटण फिरवल्यावर आतून टक-टक-टक आवाज येत राहतो. आणि आमच्या भागात तिसरं कारण उंदीर. उसाची तोड सुरू झाली की फडातले उंदीर घराकडे आणि घरापुढच्या गाडीत येतात. मोटरची वायर कुरतडलेली दरवर्षी सापडते.

एक गरम आणि एक गार, तर पाणी कॉईलपर्यंत येतंय पण पार होत नाही. इथे कॉईल चोंदलेली असू शकते. पण आत हवा अडकलेली असू शकते, आणि ज्या गाड्यांत हीटरच्या पायपावर वेगळा व्हॉल असतो तिथे तो व्हॉल बंद अडकलेला असू शकतो. दोन्ही शक्यता आधी तपासायच्या, कॉईल नंतर.

दोन्ही नुसते कोमट, आणि काटाही खाली, तर इंजिनच तापत नाही. तुमचं बहुतेक हेच निघणार. दोन्ही गार आणि काटा मात्र वर चढतोय, तर गाडी बंद करा. पाणी कमी आहे, किंवा वॉटर बॉडीची, म्हणजे पाण्याच्या पंपाची, पाती झिजलीय. अशी गाडी घाटात नेऊ नका.

आणि पाचवा प्रकार, जो पुस्तकात नसतो. पाईप शोधायला गेलात तर ते फायरवॉलमध्ये शिरतच नाहीत! एकाचं तोंड दुसऱ्याला जोडून दोन क्लॅम्प आवळलेले. याला बायपास म्हणतात. कॉईल गळायला लागली, डॅशबोर्ड उतरवायचा खर्च नको, म्हणून पाणी बाहेरच्या बाहेर फिरवलं. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी हे आवर्जून बघावं. मागे एक टुरिस्ट गाडीवाला माझ्याकडे आला होता. गिऱ्हाईकांनी पाचगणीत थंडीने शिव्या दिल्या म्हणून त्याने फ्लॅपची मोटर बदलली, ब्लोअर बदलला, पॅनल बदललं. बॉनेट कोणीच उघडलं नव्हतं. दोन पाईप एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले होते.

कॉईल खरंच गळत असेल तर ती लपून राहत नाही. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालचं मॅट ओलं होतं, आणि ते पाणी चिकट असतं. एसीचं पाणी आत गळलं तर ते नुसतं पाणी असतं. गाडीत गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट थर चढतो, पुसला तरी फासला जातो. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

चोंदलेली कॉईलही लगेच बदलायची नसते. दोन्ही पाईप सोडून, पाणी ज्या बाजूने बाहेर येतं त्या बाजूने उलटं साधं नळाचं पाणी हळू सोडायचं. आधी गढूळ तांबडं येतं, मग स्वच्छ. दोन-तीनदा दिशा बदलून केलं की बऱ्याच कॉईली जिवंत होतात. फक्त कंप्रेसरची हवा मारू देऊ नका. जुनी कॉईल फुटली की आतापर्यंत नको असलेला डॅशबोर्ड खरोखर उतरवावा लागतो.

कॉईल चोंदते का, तर आपण बोअरचं पाणी ओततो म्हणून. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीला, गिझरला जो पांढरा थर चढतो तोच इंजिनात चढतो, वर गंज. कुलंट म्हणजे नुसता हिरवा-गुलाबी रंग नव्हे. त्यात गंज न लागू देणारी रसायनं असतात, आणि त्याने उकळण्याचा बिंदूही वर जातो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, तिथे उघड्या भांड्यात पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. गाडीत दाबाचं झाकण असतं म्हणून निभावतं, पण ते झाकण सैल असेल आणि आत नुसतं पाणी असेल तर चढावर वाफ निघायला वेळ लागत नाही. रेडी मिक्स घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट घेऊन बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळा, प्रमाण डब्यावर असतं. रंग पाहून दोन जाती एकत्र करू नका. काढलेलं जुनं कुलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

आता तुमचं पुढचं काम. थर्मोस्टॅट नवीन बसवून घ्या, गॅस्केट किंवा रिंगसकट, कंपनीने सांगितलेल्या अंशांचाच. हा पार्ट डॅशबोर्डच्या मजुरीपुढे किरकोळ आहे. बसवण्याआधी घरीच परीक्षा घ्या, मजा येते: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला व्हॉल (बुडाला टेकू द्यायचा नाही), शेजारी थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो फुलासारखा उघडायला लागला पाहिजे, गार पाण्यात मिटला पाहिजे. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका, नाहीतर आई माझ्या नावाने बोटं मोडतील.

पण थांबा. एप्रिलमध्ये गाडी गरम का होत होती, हा प्रश्न तसाच राहिलाय. व्हॉल काढला तेव्हा दुखणं बरं झालं असेलच असं नाही, कदाचित फक्त ताप उतरला होता. नवा व्हॉल बसवल्यावर ते दुखणं मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढू शकतं. तेव्हा त्याच खेपेत बाकीचंही बघून घ्या. रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का? रेडिएटरच्या जाळीत कचरा, किडे, उसाची चिपाडं अडकलीत का? एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बाहेरून दिसत नाही, तिथे कचऱ्याची गोधडी जमलेली असते. झाकणाचं रबर बघा, वॉटर बॉडीची गळती बघा. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतायत का, मिनिटाभरात पाईप दगडासारखे टणक होतायत का, हे बघा. होत असतील तर हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा दाब पाण्यात घुसतोय, तो वेगळा आणि मोठा विषय. जुना व्हॉल बंद अडकल्यामुळेही गाडी गरम होत असू शकते. तसं असेल तर नवा बसवला की झालं.

कुलंट भरल्यावर हवा काढणं विसरू नका. सिस्टीम उघडली की हवा शिरते आणि तिला उंच जागा आवडते, हीटरची कॉईल बऱ्याच गाड्यांत उंचावर असते. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, वरचा पाईप हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत कुलंट घालत जा, मग झाकण लावा. एअर स्क्रू असेल तर तो सैल करून हवा काढा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला आणि आत गरम हवा आली की झालं. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघा, हमखास थोडी उतरते.

आपल्याकडे थंडी दोन महिन्यांची, हीटर कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. वेण्णा तलावाजवळ दव गोठतं ते मोजके दिवस सोडा, मला हीटरचं खरं काम पावसाळ्यात दिसतं. जुलैत यवतेश्वरच्या घाटात किंवा पसरणीत ढग रस्त्यावर उतरतात, चार माणसं गाडीत, काचा आतून धुरकटतात. तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लावायचे, झोत काचेवर, आणि हवा बाहेरून घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही. एसी हवेतली ओल काढतो, हीटर ती हवा गरम करतो, काच मिनिटभरात निवळते. मेलेल्या हीटरने हे होत नाही, मग लोक एका हाताने फडकं फिरवत घाट उतरतात. दुसरा उपयोग उन्हाळ्यातला: खंबाटकीच्या चढाला काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावा, काचा उघडा. घाम निघेल, पण कॉईल छोट्या रेडिएटरचं काम करते आणि बाजूला थांबण्याजोगी जागा येईपर्यंत इंजिन वाचतं.

डिझेल गाडीवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच की डिझेल इंजिन उभ्या उभ्या फारसं तापत नाही. अर्धा तास दारात सुरू ठेवून हीटर गरम होण्याची वाट बघू नका, हळू चालवत निघा.

तुम्ही आता एवढं करा. उद्या सकाळी थंड गाडी सुरू केल्यापासून फोनवर वेळ लावा. काटा किती मिनिटांनी कुठपर्यंत येतो, रेडिएटरचा पाईप एकदम तापतो की हळूहळू, आणि फायरवॉलचे दोन पाईप कसे लागतात, या तीन गोष्टी लिहून कळवा. आणि तोवर त्या गॅरेजला कॉईलचा ॲडव्हान्स देऊ नका.